गाईंच्या कानातला बिल्ला: कोणता घ्यावा, कुठे मारावा

दादा, २२ जनावरांसाठी ऑनलाइन मिळणारे रंगीत बिल्ले घ्यावेत की दवाखान्याचा पिवळा टॅग पुरे, आणि कालवडीचा कान का फाटला, हे तुम्ही विचारलंय.

पिवळ्या १२ अंकी टॅगला पर्याय नाही. लसीकरण, रेतन, सगळी सरकारी नोंद त्याच नंबरवर चढते. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात टॅगशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. त्याच वर्षी लिटरमागे ५ रुपये दूध अनुदान आलं तेव्हा टॅग नसलेल्यांची दवाखान्यात उडालेली धांदल आठवते का?

पण गाय गव्हाणीत तोंड घालून उभी असताना ते १२ आकडे कुणाला वाचता येतात? माजावर कोण आली, कोणाला औषध चालू आहे, कोणाचं दूध वेगळं काढायचं, हे धार काढणाऱ्या माणसाला चार पावलांवरून कळायला हवं. त्यासाठी दुसऱ्या कानात स्वतःचा मोठा बिल्ला जरूर मारा. दोन आकडी नंबर ठेवा आणि रंग पिवळा सोडून कोणताही घ्या. चिपवाला टॅग घेऊ नका. तो वाचायचं यंत्र कानाजवळ न्यावं लागतं, २२ जनावरांना तो खर्च परवडत नाही.

घेताना बिल्ला दुमडून बघा. चांगला असेल तर सोडल्यावर लगेच सरळ होतो. दुमडीवर पांढरी रेघ उमटली तर एका उन्हाळ्यात तडकणार. नंबर लेसरने कोरलेला घ्या, पेनाने लिहिलेला पुसट होतो. पक्कड त्याच कंपनीची हवी. दुसऱ्याची पक्कड वापरली तर बिल्ल्याचा खिळा तिरका बसतो, कान चेंगरतो. माझ्याकडे एकाच दिवशी तीन कान सुजले होते, तेव्हा हे समजलं.

कान फाटण्याचं कारण बहुतेक वेळा जागा चुकणं हेच असतं. टॅग कडेला मारला की दाव्यात, तारेत अडकतो आणि एका झटक्यात कान चिरतो. कान उजेडासमोर धरा, शिरा स्पष्ट दिसतात. दोन जाड शिरांच्या मधे, कानाच्या मध्यावर, खिळा मागून पुढे असा मारा. खिळा आधी पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा. लहान वासराचा कान पुढे जाड होतो, म्हणून बिल्ला आणि कातडी यांच्यात थोडी फट राहू द्या. पावसाळ्यात शक्यतो मारूच नका. मारावाच लागला तर आठ दिवस रोज कान उलटून बघा, माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही.

विमा असेल तर फार जपा. माझी पाच लिटरची गाय गेली तेव्हा टॅग आधीच गळून पडला होता आणि मी कळवलं नव्हतं. टॅग नाही म्हणून दावा फेटाळला. तेव्हापासून प्रत्येक गाईचा, चेहरा आणि नंबर एकत्र दिसेल असा फोटो मोबाईलमध्ये ठेवतो. टॅग पडला की त्याच दिवशी दवाखान्यात आणि विमावाल्यांना कळवतो.

तुमच्या कालवडीच्या फाटक्या कानात आता काही मारू नका, दुसऱ्या कानात मारा. दवाखान्यात तिचा जुना नंबर सांगा, म्हणजे नवा नंबर त्याच नोंदीला जोडतील. ब्रुसेल्लाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगाची, लस कालवडीला ४ ते ८ महिन्यांच्या वयातच देतात. ती झालीय की नाही हेही त्या जुन्या नोंदीवरच कळेल.