कुठली टेस्ट कुठल्या कोडची?

प्रश्न : गूळ अडत्यांसाठी पायथॉनमध्ये लिहिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. कोड बरोबर चालतो का ते बघणाऱ्या टेस्ट पायटेस्ट या साधनात आहेत. कराचं फंक्शन बदललं की नेमक्या कुठल्या टेस्ट चालवायच्या ते कळत नाही, आणि सगळ्या चालवायच्या तर २० मिनिटं जातात. प्रत्येक टेस्टच्या वर कोडच्या फाइलचं नाव कॉमेंटमध्ये लिहून ठेवावं का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नको. फाइलचं नाव बदललं तरी कॉमेंट जुनीच राहते. तिच्यावाचून काही अडत नाही, म्हणून ती कुणी सुधारतही नाही. कोडच्या फाइलच्या नावाआधी 'टेस्ट' जोडून टेस्टच्या फाइलला नाव द्या, एवढी शिस्त पुरे. मात्र बिल छापण्याची टेस्टही कराच्या फंक्शनमधून जाते, हे नावावरून दिसणार नाही. कुठली टेस्ट कुठल्या ओळींतून जाते, ती नोंद यंत्रालाच करू द्या.

टेस्टनी कोडच्या कुठल्या ओळी चालवल्या ते मोजणारं पायटेस्टचं जोडसाधन, पायटेस्ट-कव्ह, बसवा. टेस्ट चालवताना '--कव्ह'च्या जोडीला '--कव्ह-कॉन्टेक्स्ट=टेस्ट' द्या आणि नंतर 'कव्हरेज एचटीएमएल --शो-कॉन्टेक्स्ट्स' चालवा (टाइप अर्थातच रोमन लिपीत). रिपोर्टमध्ये प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला, ती ओळ कुठल्या टेस्टनी चालवली त्यांची नावं उघडतात. नावामागे 'रन' असेल तर ओळ खुद्द टेस्टमध्ये चालली. 'सेटअप' असेल तर फिक्स्चर, म्हणजे टेस्टआधीची तयारी, उभं करताना.

इथे एक जागा हमखास फसवते. कराचा दर फाइलच्या माथ्यावर कॉन्स्टंट (कायमचा आकडा) म्हणून लिहिला असेल, तर ती ओळ फाइल इम्पोर्ट होतानाच (आत घेतली जातानाच) चालते, म्हणजे पहिली टेस्ट सुरू होण्याआधी. तिच्यासमोर एकाही टेस्टचं नाव येत नाही. अशा वेळी तो दर वापरणाऱ्या ओळींसमोरची नावं बघा.

शिवाय ओळ चालली म्हणजे तपासली गेली असं नाही. जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पॅकबंद गुळावर ५ टक्के जीएसटी आला, सुटा गूळ करमुक्तच राहिला. पॅकबंद गुळाचं बिल करून फक्त 'बिल नंबर रिकामा नाही' एवढंच बघणारी टेस्टही रिपोर्टमध्ये कराची ओळ हिरवी, म्हणजे चाललेली, करते. कोडमध्ये ५ चे ६ करा आणि नावं आलेल्या टेस्ट चालवा. एकही टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली नाही, तर कराची रक्कम कुणीच तपासत नाही.

रोजच्या कामाला पायटेस्ट-टेस्टमॉन हे दुसरं जोडसाधन घ्या. पहिल्यांदा ते सगळ्या टेस्ट चालवतं, पुढे बदललेल्या कोडशी संबंधित तेवढ्याच. दर कोडबाहेर, जेसन (माहिती साठवायच्या) फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये असतील तर तिथला बदल त्याला कळत नाही, तेव्हा ग्राहकाकडे नवी आवृत्ती पाठवण्याआधी ती २० मिनिटं द्याच.