नव्या बॉण्डपटाआधी जुने पंचवीस बघायलाच हवेत का?

आजवर एकही बॉण्डपट पाहिलेला नाही, आता सव्विसावा येणार म्हणतात, तर आधीचे किती बघावेत आणि कुठल्या क्रमाने, असं तुम्ही विचारलंय.

गोष्ट समजायला एकही नाही पाहिला तरी चालेल. डॅनियल क्रेगच्या बॉण्डची कथा २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये पूर्ण मिटवून टाकली आहे (कशी ते सांगत नाही, तुम्हाला बघायचंय). पुढचा चित्रपट डेनी व्हिलनव्ह दिग्दर्शित करणार आणि स्टीव्हन नाइट लिहिणार, असं २०२५मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी मालिकेची सर्जनशील सूत्रं बार्बरा ब्रोकोली आणि मायकेल विल्सन या जुन्या निर्मात्यांकडून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेली. म्हणजे बॉण्ड नवा, घर नवं. जुनी उधारी कुणी मागणार नाही.

तरीही थोडी तयारी केलीत तर मजा वाढेल. माझ्या मते ती करताना एकच गोष्ट बघायची: ही मालिका पाटी पुसून पुन्हा सुरुवात कशी करते. त्यासाठी ‘गोल्डनआय’ (१९९५) आणि ‘कसिनो रोयाल’ (२००६) हे दोन पुरेत. दोन्ही मार्टिन कॅम्पबेलचे आणि दोन्हींत बॉण्ड नवा. पहिल्यात पिअर्स ब्रॉस्ननचा बॉण्ड आयता तयार होऊन येतो. दुसऱ्यात मात्र त्याला ‘डबल ओ’चा, म्हणजे ठार मारायच्या परवान्याचा, दर्जा मिळतानाच दाखवलाय. कृष्णधवल सुरुवात, एका स्वच्छतागृहातली धसमुसळी मारामारी, मेलाय असं वाटलेला माणूस पिस्तूल उचलतो आणि बॉण्ड गर्रकन वळून गोळी झाडतो. पडद्यावर रक्त उतरतं. मालिकेची ओळख बनलेलं बंदुकीच्या नळीचं दृश्य इथे कथेतूनच जन्माला येतं, आधी नुसतं चिकटवलेलं नाही. चाळीसेक वर्षांची सवय अशी मोडायला धाडस लागतं.

वेळ असेल तर क्रेगचे पाचही बघा, पण क्रमानेच: ‘कसिनो रोयाल’ १४४ मिनिटं, ‘क्वांटम ऑफ सोलेस’ १०६, ‘स्कायफॉल’ १४३, ‘स्पेक्टर’ १४८, ‘नो टाइम टू डाय’ १६३. एकूण पावणेबारा तासांच्या आसपास. पहिले दोन एका बैठकीत, कारण दुसरा पहिल्याच्या शेवटाला लागूनच सुरू होतो. लोक नेमका हाच गाळतात. पटकथाकारांच्या संपात सापडलेला, विस्कळीत चित्रपट आहे हे खरं, पण गाळलात तर मिस्टर व्हाइटचा धागा सुटतो. पहिल्याच्या शेवटी हा गृहस्थ पायात गोळी खातो, दुसऱ्याच्या सुरुवातीला गाडीच्या डिकीतून निघतो, ‘स्पेक्टर’मध्ये पुन्हा भेटतो आणि शेवटच्या दोन चित्रपटांची नायिका त्याचीच मुलगी. ‘स्कायफॉल’ मात्र एकटाही बघता येतो.

‘स्पेक्टर’मध्ये आधीच्या सगळ्या खलनायकांमागे एकच संघटना होती असं सांगतात, ते ओढूनताणून वाटेल. ते ठिगळच आहे. ‘स्पेक्टर’ या संघटनेच्या हक्कांचा निर्माते केव्हिन मॅक्लोरी यांच्याशी जुना वाद होता. तो २०१३मध्ये मिटला. तोवर ‘क्वांटम’ या नव्या संघटनेवर भागवावं लागलं होतं.

ब्रॉस्ननच्या चारही चित्रपटांत जुडी डेंच ‘एम’ (बॉण्डची गुप्तहेर खात्यातली वरिष्ठ) आहेत आणि क्रेगच्या पहिल्या तीनांतही. त्यावरून दोघांचा काळ जोडू बघाल तर गोंधळ होईल. नटी तीच, मांडणी नवी.

१९६२ ते २००२चे वीस चित्रपट कसेही उलटसुलट बघा. त्यातला एक मात्र आवर्जून: ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९). जॉर्ज लॅझेन्बीचा हा एकमेव बॉण्डपट, आणि त्यातलं लुई आर्मस्ट्राँगचं गाणं ‘नो टाइम टू डाय’मध्ये पुन्हा वाजतं. आधी ऐकलेलं असेल तर ते काळजाला भिडतं. यात ‘स्पेक्टर’चा म्होरक्या ब्लोफेल्ड समोर बसलेल्या बॉण्डला ओळखत नाही, जरी १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये दोघे समोरासमोर आलेले असतात. त्याला कारण असं की इयन फ्लेमिंगच्या मूळ कादंबऱ्यांचा क्रम उलटा होता. पडद्यावर तो फिरवला, पण हा दुवा तसाच राहिला.

शोधताना नावासोबत वर्षही तपासा. ‘कसिनो रोयाल’ नावाचा १९६७चाही एक चित्रपट आहे. तो विडंबनपट आहे आणि या पंचविसांत मोजत नाहीत. १९८३चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ही बाहेरचाच, शॉन कॉनरी असला तरी. त्याच वर्षीचा अधिकृत बॉण्डपट रॉजर मूरचा ‘ऑक्टोपसी’.