माजी सैनिक, बँक आणि दोन पेन्शन

प्रश्न : माझे सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९७१च्या युद्धात लढले. पंधरा वर्षांची नोकरी करून १९७८ मध्ये पेन्शनवर आले आणि महाडला एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले. तिथूनच निवृत्त झाले. गेल्या महिन्यात आमच्याकडे मुंबईत वारले. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. नातेवाईक म्हणतात, फॅमिली पेन्शन एकाच ठिकाणची मिळते, बँकेची किंवा लष्कराची. खरं काय?
– सौ. म. सा., लालबाग

उत्तर : दोन्ही मिळतात. नातेवाईक सांगतात तो जुना नियम आहे. संरक्षण मंत्रालयाच्या १७ जानेवारी २०१३च्या आदेशाने तो बदलला आणि २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही फॅमिली पेन्शन देय झाल्या. अट एवढीच, की माजी सैनिक शेवटपर्यंत लष्करी पेन्शन घेत असायला हवा. त्याआधी वैधव्य आलेल्या आणि तेव्हा एकच पेन्शन स्वीकारलेल्या बायकांनाही दुसरी मागता येते. पैसे मात्र २४ सप्टेंबर २०१२ पासूनचेच मिळतात. अशी एखादी आजी तुमच्या ओळखीत असेल तर तिला हे आवर्जून सांगा.

आता कामाला लागा, आणि दोन वेगळ्या फाइली करा. बँकेला कळवलं म्हणजे लष्कराला कळलं असं होत नाही. आधी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढा. मृत्यूनंतरच्या तारखेची पेन्शन सासऱ्यांच्या खात्यात जमा झाली असेल तर तिला हात लावू नका, ती परत वसूल होते. महिन्याच्या एक तारखेपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन मात्र घरच्यांच्या हक्काची आहे. ती वेगळा अर्ज करून मागावी लागते.

लष्कराची पेन्शन आता 'स्पर्श' प्रणालीतून, प्रयागराजच्या कार्यालयाकडून येते. मृत्यूची नोंद तिथेच करायची. घरून जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये जा. मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं आधार, पॅन, बँक पासबुक आणि सासऱ्यांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) जवळ ठेवा. हा पीपीओ नीट वाचा, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच अडतात. जुन्या पीपीओत बायकोचं नाव कधी कधी नसतंच. असलं तर माहेरचं, किंवा जन्मतारखेची जागा कोरी. सैनिकाचं नाव एकीकडे नुसतं 'शंकर सावंत', तर बँकेत वडिलांच्या नावासकट. अशा वेळी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करा, डिस्चार्ज बुकाची (सैन्य सोडताना मिळालेल्या सेवापुस्तिकेची) प्रत जोडा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज पाठवा. मुंबई शहर आणि उपनगर अशी दोन कार्यालयं आहेत. लालबाग शहरात येतं. अर्जावर आर्मी नंबर घालायला विसरू नका, त्याशिवाय रेकॉर्ड सापडत नाही.

जन्मतारखेकडे दुर्लक्ष करू नका. सासूबाईंना ८० पूर्ण झाली की लष्करी फॅमिली पेन्शनमध्ये मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते. ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. तारीख नोंदलेली नसेल तर ही वाढ आपोआप लागू होत नाही. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम वर्षभराचा वेळ आहे, दुरुस्ती आत्ताच करून घ्या. सासऱ्यांनी पेन्शन विकली होती (म्हणजे तिचा काही भाग एकरकमी घेतला होता) म्हणून फॅमिली पेन्शन कमी होईल ही भीती नको, विक्रीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

बँकेचं प्रकरण सोपं आहे, पण एक गोष्ट तपासा : सासऱ्यांनी बँकेत पेन्शन घेतली होती की नुसता पीएफ? बँकांची पेन्शन १९९५च्या नियमांनी आली आणि कित्येक कर्मचाऱ्यांनी तेव्हा पेन्शनचा पर्यायच निवडला नाही. बँका आणि कर्मचारी संघटनांच्या २०१०च्या करारात दुसरी संधी मिळाली होती. दरमहा पेन्शन येत असेल तर प्रश्न मिटला. पूर्वी बँकेच्या फॅमिली पेन्शनला ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ती उठून सरसकट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के दर मंजूर झाला. म्हणून मंजूर झालेला आकडा या दराने पडताळा. ८० वर्षांनंतरची वाढ बँकेकडून मिळत नाही. आणि हयातीचा दाखला दोन्हीकडे द्यायचा, दर नोव्हेंबरला. ८० पूर्ण झाल्यावर ऑक्टोबरपासूनच देता येतो.

प्रश्न : सासऱ्यांची पदकं काळी पडलीत. ब्रासोने घासू का?
– त्याच

उत्तर : नको. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पॉलिशने दर वेळी थोडी धातू जाते आणि आधी ही अक्षरंच पुसट होतात. मऊ सुती कापडाने पुसून प्रत्येक पदक वेगळ्या कागदात ठेवा. मुंबईच्या पावसाळी हवेत सिलिका जेलची पुडी सोबत हवीच. विटलेली फीत नवी मिळते, पण जुनी टाकून देऊ नका.

प्रश्न : पुढच्या वर्षी सैन्यातून निवृत्त होतोय. शिक्षण दहावी. बँकेत क्लार्क होता येईल?
– र. प., कांदिवली

उत्तर : येईल. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत माजी सैनिकांना १४.५ टक्के जागा राखीव असतात. पंधरा वर्षं सेवा आणि आर्मीचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र असेल तर पदवीची अट आड येत नाही. वयात सेवेची वर्षं अधिक तीन अशी सूट आहे, पण कमाल वय ५०. निवृत्तीला वर्ष राहिलं असतानाही अर्ज चालतो. मराठीची चाचणी असते, संगणकाचं ज्ञानही लागतं. रुजू होण्याआधी इतर कुठे अर्ज केले असतील तर त्यांची यादी रुजू होताना लेखी द्या, नाहीतर ही राखीव सवलत पुन्हा वापरता येणार नाही.