कृष्णविवराच्या जागी दुसरं काय असू शकतं? आणि ते ओळखायचं कसं?

आइन्स्टाइनचा सिद्धान्त बदलला की कृष्णविवर लगेच बदलतं, असं नाही. ब्रान्स-डिकी सिद्धान्तातली (हा आइन्स्टाइनच्या गुरुत्व-सिद्धान्ताचा एक पर्याय) स्थिर कृष्णविवरं अगदी जुन्यासारखीच निघतात. हे हॉकिंगनं 1972 मध्येच दाखवलं. खरा फरक पडतो तो क्षितिजच, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही ती सीमा, काढून टाकल्यावर.

ग्रॅव्हास्टार घ्या: कृष्णविवरासारखी दिसणारी, पण क्षितिज नसलेली काल्पनिक वस्तू (माझुर आणि मोटोला, 2001). आत ऋण दाबाची पोकळी, बाहेर पातळ कवच. आता 62 सूर्यांचं वस्तुमान धरा. ते फिरत नसेल तर क्षितिजाची त्रिज्या येते सुमारे 183 किमी, म्हणजे आपल्या इंदूरहून जवळजवळ भोपाळ गाठलं. कवच या त्रिज्येच्या फक्त एका प्लांक लांबीनं (भौतिकशास्त्रातलं अतिसूक्ष्म अंतर) बाहेर असलं, तर आत शिरलेली गुरुत्वीय लहर (अवकाश-काळातला तरंग) त्यावर आपटून परतते आणि टकरीतून आलेल्या मुख्य संकेतानंतर दर 0.1 सेकंदाला क्षीण प्रतिध्वनी यायला हवा. अंतर इतकं सूक्ष्म असूनही वेळ मोजण्याजोगा, कारण अंतर घटत जाईल तसा तो लॉगरिदमनं, म्हणजे अगदी हळूहळू, वाढतो. असा खात्रीचा प्रतिध्वनी अजून सापडलेला नाही.

घोडं पेंड खातं ते फिरकीपाशी. क्षितिज नसलेली वस्तू वेगानं फिरली की अर्गोक्षेत्रात (वस्तूभोवतीचा असा भाग, जिथे काहीही न फिरता राहू शकत नाही) अडकलेल्या लहरी फुगत जातात आणि ती अस्थिर होते. कवच थोडी ऊर्जा शोषून घेत असेल तरच वाचते.

बोसॉन तारा (बोसॉन प्रकारच्या कणांचा बनलेला काल्पनिक तारा) मला जास्त पटतो: समीकरणं स्वच्छ, आणि जोडीदाराच्या ओढीनं तो ताणला जातो. असं ताणलं जाण्याचं माप म्हणजे भरती-अंक; आइन्स्टाइनच्या कृष्णविवराचा तो शून्य असतो.

इंदूरचं राजा रामण्णा केंद्र लायगो-इंडियात, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पात, आहेच. विद्यार्थी असाल तर तिकडे लक्ष ठेवा.