घरी करवत बनवायची तर आधी पत्र्याचं बघा

तुमचा प्रश्न असा आहे: घरी १ मिमीचा माइल्ड स्टीलचा पत्रा आणि ग्राइंडर आहे, सांधे कापायची छोटी पारंपरिक करवत बनवायची आहे, पत्रा लाल करून पाण्यात बुडवला तर कडक होईल का?

नाही होणार. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी असतो की कितीही तापवा, करवतीला लागणारा कडकपणा त्याला येत नाही. स्प्रिंग स्टील आणलंत तरी घरी पाणी देण्याच्या भानगडीत पडू नका. पातळ पत्रा बुडवताक्षणी पापडासारखा वेडावाकडा होतो आणि मग सरळ होत नाही. बाजारात आधीच कडक करून उतरवलेली (म्हणजे पुन्हा थोडी तापवून ठिसूळपणा काढलेली) स्प्रिंग स्टीलची पट्टी मिळते, ती आणा. ही पट्टी कानशीला दाद देते, दात वाकवला तर मोडत नाही आणि धारही टिकवते.

जाडी ०.५ मिमी घ्या. वखारीतला बँडसॉचा टाकाऊ पट्टा फुकट मिळतो, स्टीलही चांगलं असतं, पण तो बहुतेक १ मिमीच्या आसपास भरतो. त्याच्या सुऱ्या उत्तम होतात. कुसू (सांध्यात भोकात बसणारं लाकडाचं टोक) कापायला मात्र तो जाड पडतो, चीर रुंद होते आणि हात भरून येतो.

तुम्ही ‘पारंपरिक’ म्हटलंत म्हणून दातांची दिशा आधी ठरवा. आपल्याकडच्या जुन्या करवतींचे दात मुठीकडे झुकलेले असत. सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबायचा आणि करवत ओढताना कापायचा. ओढताना पत्रा ताणलेला राहतो, म्हणून पातळ असूनही दुमडत नाही. जपानी करवतींचंही तेच. ढकलून कापायची असेल तर ०.५ मिमीच्या पत्र्याला वरून पितळेची पाठ हवीच. तुम्ही टेबलाशी उभं राहून काम करत असाल तर पाठीची, १० इंची, ढकलायची करवत करा. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

पत्रा ग्राइंडरने कापताना थांबत थांबत, पाणी मारत कापा. कडा जास्त तापली की तिथला कडकपणा गेला. म्हणून रेषेबाहेर २-३ मिमी सोडायचे आणि ते कानशीने उतरवायचे.

आता दात. इंचाला १४ ठेवा, म्हणजे १० इंचांत १४० दात. अंतर सारखं यावं म्हणून एक जुगाड: इंचाला १४ दातांचं हॅकसॉ ब्लेड घ्या, त्याचे फाकलेले दात ऑइलस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) दोन्ही बाजूंनी घासून सपाट करा आणि पत्र्याला चिकटवून दोन लाकडी फळ्यांत आवळा. ब्लेडच्या खाचेत त्रिकोणी कानस बसवून पत्र्यावर फक्त खूण उमटेल इतकंच घासा. ब्लेड पत्र्यापेक्षा कडक असतं, जोर लावलात तर कानसच बोथट होईल. खुणा झाल्या की ब्लेड काढून टाका.

मग ४ इंची बारीक त्रिकोणी कानस, एकदम नवी. दाताची पुढची बाजू सरळ उभी ठेवा. एकेक दात पुरा करत जाऊ नका. प्रत्येक खाचेला दोनच हात मारा, ओळ संपवा आणि परत पहिल्यापासून सुरू करा. दातांच्या डोक्यावर सपाट चकचकीत ठिपके दिसतील. ज्याचा ठिपका मोठा, त्या दाताच्या अंगाला कानस रेटायची. ठिपका नाहीसा झाला की हात थांबवायचा. तिथे हावरेपणा केला की तो दात बुटका राहतो आणि नुसता शोभेला उरतो. याला पूर्ण दुपार जाते.

बहुतेक करवती बिघडतात त्या दात फाकवताना. माझी पहिलीही अशीच गेली. एकाआड एक दात डावी-उजवीकडे इतके वाकवले की चिरेत करवत डुगडुगायची, शिवाय कायम डावीकडे ओढायची. करवत ज्या बाजूला ओढते, त्या बाजूचे दात जास्त फाकलेले असतात. ०.५ मिमीच्या पत्र्याला चीर ०.६५ ते ०.७ मिमी पुरे, म्हणजे एका बाजूला जेमतेम ०.१ मिमी. वाकवायचं ते दाताचं टोकच, बुडातून वाकवलं तर दात तडकतो. जास्त झालं तर दातांवर साधा कागद दुमडून घाला आणि व्हाइसमध्ये दाबा. कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, तेवढीच फाकण उरते. तरीही एकीकडे ओढत असेल तर त्या बाजूने ऑइलस्टोनचा एक हलका हात फिरवा. एकच, मग कापून बघा.

पाठीसाठी ६ मिमी जाड पितळी पट्टी घेऊन एखाद्या मिलिंगवाल्याकडून ०.५ मिमीची खाच पाडून घ्या. मूठ शिसवीची करा, २० मिमी जाड, तीन बोटं मावतील एवढीच. तर्जनी बाहेर, पात्याच्या दिशेने राहते. मुठीसाठी पात्याला भोकं पाडताना साधं ड्रिल बिट जळतं. काँक्रीटचं कार्बाइड बिट धार लावून, खाली लाकूड ठेवून, अगदी हळू चालवा.

आणि तुम्ही रत्नागिरीचे, म्हणजे पावसाळ्यात दोन दिवसांत पात्यावर गंज दिसेल. शिलाई मशीनचं तेल फडक्याने पात्याला लावून ठेवत जा. खोबरेल नको, ते चिकट होतं.