रिट्रॅक्टर धरून डोळा लागला. आता सर्जरी घेऊ की नको?

प्रश्न: मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या रँकवर जनरल सर्जरी मिळू शकते. गेल्या महिन्यात सलग ड्युटीत पहाटे चारला, आतडं फुटलेल्या रुग्णाच्या ऑपरेशनमध्ये रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरून उभी असताना माझा डोळा लागला आणि हात सैल पडला. रुग्णाला काही झालं नाही. पण सर सगळ्यांसमोर म्हणाले, "झोप आवरत नसेल तर स्किन घे," म्हणजे त्वचारोग शाखा. बाबा एसटीत चालक आहेत, ते म्हणतात झेपत नसेल तर नको. मला शाळेपासून सर्जनच व्हायचंय. मी कच्ची आहे का?

उत्तर:

कच्ची वगैरे अजिबात नाहीस. आदल्या सकाळपासून जागी, हातात जराही हलवायचं नाही असं अवजार, डोळ्यांसमोर ऑपरेशनऐवजी पुढे उभ्या सीनियर डॉक्टरची पाठ, आणि वेळ पहाटे चारची. या वेळी शरीराची जागं राहण्याची ताकद तळाला गेलेली असते आणि मेंदू काही सेकंद परस्पर मिटतो. जिद्दीने ते थांबत नाही. तुझ्या जागी सर असते तर त्यांचाही डोळा लागला असता, आणि मला वाटतं, कधीतरी लागलाही असेल.

बाबांना हा आकडा सांग, त्यांना लगेच उमजेल. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी जागरण आणि दारू यांची तुलना केली. सलग 24 तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात 0.10 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरली होती. आपल्याकडे गाडी चालवताना 0.03 टक्क्यांच्या वर सापडलं की गुन्हा होतो. चालकांसाठी 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा घातली. बाबांच्या स्टिअरिंगला जो नियम लागला, तो मुलीच्या हातातल्या सुरीला का नको, हा प्रश्न त्यांनी जरूर विचारावा.

खुद्द सर्जनांवरही असे प्रयोग झालेत. लंडनमध्ये 1998 मध्ये शिकाऊ सर्जनांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सिम्युलेटरवर बसवलं, तेव्हा रात्रभर जागलेल्यांकडून सुमारे 20 टक्के जास्त चुका झाल्या आणि वेळही 14 टक्के जास्त लागला. सर्जन मोजके होते, त्यामुळे यावर सगळा इमला उभारू नये; पण चुका आणि वेळ दोन्ही वाढले, हे लक्षात ठेव. यात शिकणाऱ्याचं नुकसान मला जास्त वाटतं. वीस वर्षं टाके घालणाऱ्याचा हात सवयीने चालतो. तुझी प्रत्येक गाठ अजून लक्ष देऊन पडते, आणि जागरण पहिला घाला घालतं ते लक्षावरच. त्यात दिवसा शिकलेली हाताची कामं झोपेत पक्की होतात. न झोपणारा निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारा, चुकतो जास्त, शिकतोही कमी.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटते. 2003 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही निरोगी माणसांना दोन आठवडे रोज 6 तास किंवा त्याहून कमीच झोपू दिलं. त्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली, शेवटी तर पूर्ण जागरण केलेल्यांच्या पातळीला आली. पण "झोप येतेय का?" याचं त्यांचं उत्तर काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. म्हणजे थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळेनासं होतं. "मला सवय झालीय" म्हणणाऱ्या सीनियरवर म्हणूनच विश्वास ठेवू नकोस. तुझा निदान डोळा तरी मिटला, सगळ्यांना दिसलं. उघड्या डोळ्यांनी चुकीचा डोस लिहिला जातो तेव्हा कुणालाच दिसत नाही.

ही पद्धत आली कुठून? "निवासी" हा शब्दच बघ. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1889 पासून विल्यम हॉल्स्टेड यांनी सर्जन घडवण्याची रीत बसवली. शिकाऊ डॉक्टरांनी तिथेच राहायचं, दिवसरात्र हजर असायचं. हॉल्स्टेड थोर सर्जन होते. पण कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना ते त्याच्या आहारी गेले आणि पुढे मॉर्फीनच्या. माणूस मोठा होता म्हणून त्याची घड्याळंही बरोबर होती असं मानायचं कारण नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं तुझ्यावर अन्याय होईल. 2003 मध्ये अमेरिकेने निवासी डॉक्टरांना आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली. 2016 मध्ये तिथल्या 117 सर्जरी प्रशिक्षण कार्यक्रमांची तुलना झाली: काहींत सलग तासांवर कडक बंधन, काहींत मोकळीक. रुग्णांच्या मृत्यूत किंवा गंभीर गुंतागुंतीत फरक दिसला नाही. अर्धवट ऑपरेशन दुसऱ्याच्या हाती देऊन निघण्यातही धोका असतोच. पण हे आकडे इथे ऐकवणारे एक सांगत नाहीत: मोकळीक मिळालेलेही 80 तासांच्या आतच होते. आपल्याकडे जनरल सर्जरीचं पहिलं वर्ष अनेक ठिकाणी ती रेघ दर आठवड्याला ओलांडतं.

कागद मात्र आपल्याकडेही आहेत. 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग 12 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. 2023 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत शब्द आला "वाजवी तास", साप्ताहिक सुट्टीसह. 2024 मध्ये आयोगाच्याच कृती दलाने 74 तासांची शिफारस केली. यातलं वॉर्डात किती उतरतं हे तू इंटर्न म्हणून पाहतेच आहेस.

म्हणून सर्जरी घ्यायची की नाही यापेक्षा, कुठे घ्यायची यावर डोकं लाव. प्रवेशासाठी कॉलेजांचे चॉइस भरायच्या आधी चार कॉलेजांत स्वतः जा. विभागप्रमुखांना भेटू नकोस, जेआर वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला भेट, कँटीनमध्ये. युनिटमध्ये प्रत्यक्ष किती निवासी आहेत? इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तरी सोडतात का? गेल्या दोन बॅचमधून कुणी सीट सोडली का, आणि का? मुलींना कडी लागणारी ड्युटी रूम आहे का? "सर, हात थरथरतोय, दुसरं कुणी उभं राहील का" असं म्हटलं तर काय होतं? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला, तर ते कॉलेज यादीत खाली टाक. नावाजलेलं असलं तरी.

हे सगळं पाहूनही रात्री नकोत असं वाटलं, तर नेत्ररोग किंवा कान-नाक-घसा या शाखाही हाताच्या कसबाच्याच आहेत आणि तिथे मध्यरात्रीच्या केसेस कमी. पण तो निर्णय शांतपणे झोप झाल्यावर घे. एका पहाटेच्या अपमानावर घेऊ नकोस.

तोवर इंटर्नशिपमध्ये एवढं कर. संध्याकाळी जमेल तेव्हा वीस मिनिटं आडवी हो, पण उठल्यावर लगेच रुग्णाच्या औषधांची ऑर्डर लिहू नकोस. मेंदू जागा व्हायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. पहाटे औषधाचा डोस सिस्टरला मोठ्याने वाचून दाखव. आणि नाइट संपली की स्कूटी हॉस्पिटलमध्येच राहू दे. अमेरिकेतल्या 2,737 इंटर्नच्या 2005 च्या अभ्यासात लांबलेल्या ड्युटीनंतर घरी जाताना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली होती. रिक्षाने जा, नाहीतर बाबांना फोन कर. ते घ्यायला येतील, आणि का बोलावलं हे त्यांना सांगावं लागणार नाही.

कॉलेजं पाहून झाली की लिही. यादीचा क्रम आपण मिळून ठरवू.