कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू का?

प्रश्न : अंगणात झेंडू आणि एक्झोरा आहे. फुलपाखरं येतात, पण थांबत नाहीत. उलट कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात. कडुनिंबाचं तेल फवारू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नको! लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्यागार दिसत असतील तर त्या कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराच्या अळ्या. फुलांत फक्त मध मिळतो. अंडी घालायला मादीला ठरावीक झाडच लागतं. कढीपत्त्याची तीन रोपं ठेवा, एक फोडणीसाठी, दोन त्यांच्यासाठी. प्लेन टायगर या फुलपाखरासाठी रुई लावा, पण उंच, उन्हाच्या जागी. गोव्याच्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजतात. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कुंडीत पानफुटी लावलीत तर रेड पिएरो फुलपाखराची अळी पानात शिरून आतला गर खाते, वर नुसती पारदर्शक साल उरते. तो रोग समजून पानं तोडू नका.